स्लॅबचे पाणी करारात लिहा

एप्रिल-मे आला की गावोगाव स्लॅबची घाई सुरू होते. मृगापूर्वी डोक्यावर छप्पर हवे, आखातातून रजेवर आलेला मुलगा परत जाण्याआधी काम उरकायला हवे. घाई समजण्यासारखी आहे. परंतु ऊन सर्वांत कडक आणि विहिरी सर्वांत कोरड्या, अशाच दिवसांत आपण सर्वाधिक पाणी मागणारे काम काढतो. पुढे स्लॅब गळू लागला की घरमालक गवंड्याला, गवंडी सिमेंटला आणि दुकानदार वाळूला दोष देतो. आमच्या मते पुष्कळदा दोष असतो तो न मारलेल्या पाण्याचा, कारण ते कोणाच्याच हिशेबात नसते.

‘स्लॅब वाळला’ असे आपण सहज म्हणतो. वास्तविक स्लॅब वाळून पक्का होत नाही. सिमेंट व पाणी यांच्या रासायनिक क्रियेने होतो. पाणी आधीच उडून गेले तर ही क्रिया अर्धवट राहते आणि मागाहून पाणी ओतून तिची पूर्ण भरपाई होत नाही.

म्हणून हवामान पाहूनच काम ठरवावे. विदर्भ-खानदेशच्या कोरड्या उन्हात वारा सुटला, तर काही तासांतच ओल्या स्लॅबवर बारीक भेगा पडतात. तेथे संध्याकाळी स्लॅब टाकावा व लगेच ताडपत्री किंवा ओले गोणपाट पसरावे. कोकणात हवा दमट असली तरी तिच्या भरवशावर राहू नये. थंडीत पाणी कमी उडते, पण ताकदही सावकाश येते. तेव्हा टेकू काढण्याची घाई नको. ताज्या स्लॅबवर जोराची सर आली तर सिमेंट धुऊन जाते. स्लॅब घट्ट झाल्यावर तोच पाऊस उपयोगी पडतो, मात्र उघडीप पडताच आपण पाणी द्यावे.

भारतीय मानक ४५६ (सन २०००) प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस, तर राखमिश्रित म्हणजे पीपीसी सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस सतत ओल हवी. कोरड्या व उष्ण हवेत कोणत्याही सिमेंटला १० दिवसांपेक्षा कमी चालत नाही. पीपीसीसाठी १४ दिवसांची शिफारस आहे. सकाळ-संध्याकाळ नळी फिरवणे म्हणजे सतत ओल नव्हे. वाफे बांधून पाणी साठवले पाहिजे. १,००० चौरस फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे सुमारे ४,७०० लिटर, शिवाय रोजची भर वेगळी. टंचाईच्या गावात हा टँकरचा खर्च आहे.

हा खर्च आणि पाणी मारणाऱ्या माणसाची मजुरी करारात स्वतंत्र लिहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. किती दिवस, पाणी कोणाचे, माणूस कोणाचा, या तीन गोष्टी कागदावर याव्यात. सिमेंट विक्रेत्यांनीही गोणी देताना तिच्या प्रकाराप्रमाणे दिवस सांगावेत.

यामुळे दर जास्त दिसेल आणि गिऱ्हाईक स्वस्तवाल्याकडे जाईल, अशी भीती ठेकेदार बंधूंना वाटते. ती खोटी नाही. पण दरात न धरलेले पाणी बहुधा मारलेही जात नाही, आणि गळक्या स्लॅबखाली नाव मात्र कारागिराचेच निघते. घर बांधणारा आयुष्याची कमाई त्यात घालतो. त्याला खरा हिशेब आधीच दाखवावा. पुढचे काम त्याच विश्वासावर मिळते.