यझ्दचे वातमनोरे जपले, पाण्याचे काय?

१/ इराणमधील यझ्द या वाळवंटी शहराची छायाचित्रे समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात. मातीच्या भिंती, उंच वातमनोरे आणि खाली एक ठरलेली ओळ : ‘प्राचीन काळातील एसी’. हे कौतुक खोटे नाही, पण ते अपुरे आहे आणि अपुरे कौतुक वारशाला घातक ठरते. यझ्दचा खरा वारसा जमिनीच्या वर नाही, खाली आहे. (थ्रेड)

२/ यझ्दला वर्षाकाठी जेमतेम ५०-६० मिलिमीटर पाऊस मिळतो. मुंबईत जुलैमधील एखाद्या दिवशी याहून अधिक पाऊस सहज पडतो. शहराजवळून बारमाही नदीही वाहत नाही. तरीही हे शहर शतकानुशतके नांदते राहिले. तेराव्या शतकात मार्को पोलोने येथील रेशमी वस्त्रांची नोंद केली. हे शक्य झाले ते ‘कनातीं’मुळे.

३/ ही तंबूची कनात नव्हे. शीरकूह पर्वताच्या पायथ्याशी एक खोल ‘मातृविहीर’ खणायची आणि तेथून शहरापर्यंत अतिशय मंद उताराचा बोगदा न्यायचा. वाटेत ठरावीक अंतरावर उभी विवरे. पाणी केवळ उताराने वाहते, उपसावे लागत नाही. यझ्दची झार्च कनात ७० किलोमीटरांहून लांब असून ती शहराच्या जामे मशिदीखालून जाते.

४/ शहराची रचनाही याच पाण्याने ठरवली. पायऱ्या उतरून भूमिगत प्रवाहापर्यंत जाण्यासाठी ‘पायाब’, साठवणीसाठी घुमटाकार ‘आब-अंबार’, आणि कनातीच्या पातळीला पोहोचण्यासाठी मुद्दाम खोल खणलेली अंगणे. खणलेल्या मातीच्या विटा त्याच घराच्या भिंतींना लागत. दौलताबाद बागेतील ३३ मीटर उंचीचा प्रसिद्ध वातमनोरा हा या व्यवस्थेचा केवळ दिसणारा भाग आहे.

५/ कनातीचा मोठा गुण तिच्या मर्यादेत आहे. भूजलाची पातळी खालावली की तिचा प्रवाह आपोआप आटतो. बोगद्याच्या खालचे पाणी तिला ओढताच येत नाही. त्यामुळे जे आहे त्याचे वाटप करावे लागे. तळाशी बारीक छिद्र असलेले तांब्याचे भांडे पाण्यावर ठेवायचे, ते भरून बुडेपर्यंतचा काळ म्हणजे पाण्याचे एक माप. नगररचना म्हणजे मुळात हा हिशेब होता.

६/ विसाव्या शतकाने तो हिशेब मोडला. रझाशाहच्या काळात, १९३० च्या दशकात, जुन्या वस्त्यांना छेदून सरळ रस्ते काढण्यात आले. त्या जखमा नकाशावर आजही दिसतात. मात्र त्याहून खोल घाव खोल विहिरींचा होता. पंपाला कनातीसारखी मर्यादा नसते. पाणी जितके खाली जाईल तितका तो खाली जातो. पातळी घसरली आणि पिढ्यानपिढ्यांच्या कनाती कोरड्या पडत गेल्या.

७/ मग उपाय निघाला तो दुसऱ्याच्या नदीचा. विसाव्या शतकाच्या अखेरीस इस्फहानच्या झायंदेरूद नदीचे पाणी जलवाहिनीने यझ्दकडे वळवण्यात आले. त्यासोबत पोलाद आणि टाइल्सचे कारखानेही वाढत राहिले. इकडे इस्फहानच्या पूर्वेकडील शेतकऱ्यांची शेते उजाड झाली. त्यांनी ही जलवाहिनी एकदा नव्हे, अनेकदा फोडली. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये हजारो लोक नदीच्या कोरड्या पात्रात निषेधासाठी जमले.

८/ या साऱ्यानंतर, २०१७ मध्ये, युनेस्कोने यझ्दला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्याच्या आदल्याच वर्षी झार्चसह ११ इराणी कनातींची नोंद झाली होती. मर्यादित साधनांत जगण्याची कला हाच या शहराच्या गौरवाचा आधार मानला गेला. विरोधाभास पाहा : ज्या संयमासाठी शहराचा सन्मान झाला, तो संयम शहराने आधीच सोडून दिला होता.

९/ संरक्षित क्षेत्र २०० हेक्टरांहूनही कमी आहे. त्यातील भिंतीला रंग कोणता द्यावा, याचे नियम आहेत. परंतु त्या भिंतींना अर्थ देणारे पाणी कित्येक किलोमीटर दूर उगम पावते. तेथे पंप चालू राहिला, तर आतल्या भिंतींचे काटेकोर जतन म्हणजे प्रेताला दागिने घालणे होय.

१०/ येथे एक आक्षेप ठरलेला असतो : ‘५ लाख लोकांचे शहर कनातींवर कसे जगेल?’ ते जगणार नाही, हे मान्यच आहे. परंतु नळ बंद करा, असे कोणी म्हणत नाही. प्रश्न क्रमाचा आहे. आधी वाढीचा आराखडा आणि मग पाण्याचा शोध, की आधी पाण्याची मोजदाद आणि मग वाढीची परवानगी? यझ्दने शतकानुशतके दुसरा क्रम पाळला. वाळवंटात पाणीखाऊ उद्योग उभारणे ही अपरिहार्यता नव्हती, ती निवड होती. तिची किंमत मात्र दुसऱ्या प्रांतातील शेतकरी मोजत आहेत.

११/ म्हणून यझ्दच्या कोणत्याही ‘शाश्वत’ आराखड्याची कसोटी सोपी आहे. कनातींच्या भोवतीचे ‘हरीम’, म्हणजे परंपरेने मान्य असलेले संरक्षित अंतर, त्यात पाळले जाते का? त्या अंतरात नव्या विहिरींना बंदी आहे का? गाळ काढणाऱ्या ‘मुकन्नी’ कारागिरांना काम आणि मोबदला मिळतो का? जुन्या घरांत केवळ पर्यटकांची हॉटेले उरणार, की कुटुंबेही राहणार? यांची उत्तरे नसतील, तर तो आराखडा नव्हे, जाहिरात आहे.

१२/ मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. मलिक अंबरने वसवलेल्या खडकीची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, नहर-ए-अंबरी ही याच भूमिगत जलविद्येच्या कुळातली. तेथेही पाणचक्कीपुढे छायाचित्रे निघतात आणि नहरींची पडझड बातमी झाल्याखेरीज कोणाला आठवत नाही.

१३/ इतिहासप्रेमींनी वातमनोऱ्याचे छायाचित्र अवश्य पुढे पाठवावे. फक्त त्याखालील ओळ बदलावी. ‘प्राचीन एसी’ असे लिहिण्याऐवजी विचारावे : याच्या खालचे पाणी कुठे गेले?