कपाळावरची आठी

टेंभुर्णीच्या चौकात कुणाचं तोंड वाकडं झालेलं दिसलं की पहिलं निदान वाऱ्याचं होतं. रात्रीच्या गाडीत खिडकीशी बसला असेल, पहाटेच्या थंडीत कानाला मफलर न गुंडाळता उसाच्या ट्रॅक्टरवर गेला असेल, म्हणून तोंडावरून वारं गेलं. त्यापाठोपाठ सल्ला येतो. अमक्या गावी लकव्याचा पाला मिळतो, तमक्याकडे दोरा बांधतात, गरम तेलानं गाल चोळा, आठ दिवसांत फरक पडेल. सांगणारे मनापासून सांगतात, आणि अनेकदा फरक पडतोही. त्या फरकामुळेच हा सल्ला पिढ्यान् पिढ्या टिकून राहिला. पण वाकड्या तोंडामागे दोन अगदी वेगळे आजार असू शकतात. त्यांतला एक बहुधा आपोआप बरा होतो. दुसऱ्यात मिनिटागणिक मेंदू मरत असतो. दोन्हींतला मोठा फरक रुग्णाच्या कपाळावर दिसतो. डॉक्टरांना तो दीडशे वर्षांहून अधिक काळ माहीत आहे, तरीही भीमेकाठच्या गावांत घराघरांत तो ठाऊक नाही.

चेहऱ्याचे स्नायू शरीरातल्या बाकीच्या स्नायूंसारखे नसतात. दंडाचा किंवा मांडीचा स्नायू हाडाला हाडाशी जोडतो आणि सांधा हलवतो. चेहऱ्याचे बहुतेक स्नायू हाडावरून निघून थेट कातडीत शिरतात, म्हणून ते आक्रसले की कातडी हलते. भुवई चढते, डोळा मिटतो, ओठाचा कोपरा वर जातो. एका बाजूच्या या सगळ्या स्नायूंना हुकूम देणारी नस एकच आहे, मेंदूपासून निघणारी सातवी. कानामागच्या हाडातल्या सुमारे 3 सेंटिमीटर लांबीच्या बोगद्यातून ती बाहेर येते. हा बोगदा सगळ्यात चिंचोळ्या जागी एक मिलिमीटरही रुंद नाही. नसेला सूज आली तर हाड काही ताणलं जात नाही, आणि नस आपल्याच सुजेनं आवळली जाते. चार्ल्स बेल यांच्या नावानं ओळखला जाणारा चेहऱ्याचा लकवा होतो तो असा.

बोगद्यातून सुटल्यावर ही नस कानाच्या पाळीखाली, गालगुंडात सुजते त्या लाळग्रंथीत शिरते आणि तिथे तिला फांद्या फुटतात. उजव्या हाताच्या तळव्याचा मागचा भाग उजव्या कानाच्या पाळीखाली टेकवा आणि बोटं चेहऱ्यावर फाकवा. अंगठा कपाळाकडे, तर्जनी डोळ्याकडे, मधलं बोट गालाकडे, अनामिका हनुवटीकडे आणि करंगळी मानेकडे जाईल. तिच्या पाच मुख्य फांद्या साधारण याच वाटांनी जातात.

हा लकवा बहुतेकांना सकाळी मोरीत कळतो. चूळ भरली की पाणी एका कोपऱ्यातून ओघळतं. चहाचा घोट ओठांत राहत नाही. भाकरी चावता येते, कारण चावण्याचे स्नायू पाचव्या नसेचे आहेत आणि ते शाबूत असतात. पण घास गाल आणि दातांच्या मध्ये जाऊन बसतो, बोटानं काढावा लागतो. गालाच्या ज्या स्नायूनं तो परत दाताखाली ढकलायचा, तोच लुळा पडलेला असतो. काहींना जिभेच्या एका बाजूला चव लागत नाही, काहींना कुकरची शिट्टी कानात टोचते, कारण चवीचा एक धागा आणि कानातल्या एका चिमुकल्या स्नायूची फांदीही याच नसेतून जाते. डोळा उघडाच राहतो.

आता कपाळाकडे या. रुग्णाला भुवया वर चढवायला सांगायचं. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून हुकूम मिळतो, तोंडाच्या कोपऱ्याला मुख्यतः विरुद्ध बाजूच्या एकाच अर्धगोलाकडून. मेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा तुटला तर तोंड वाकडं होतं, पण कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडतात. नस स्वतःच बिघडली असेल तर त्या बाजूचं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट राहतं. म्हणजे तोंड वाकडं आणि कपाळ मात्र ठीक, हे चित्र जास्त धोक्याचं. घरच्यांना वाटतं नेमकं उलटं, की अर्धाच चेहरा गेला, थोडक्यात निभावलं. आणि कपाळ कसंही असो, हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तोल गेला, तर तो मेंदूचाच झटका धरून निघायचं.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी हा आजार बारकाईनं पाहिला होता. त्यांनी त्याला अर्दित म्हटलं आणि वाताच्या विकारांत बसवलं. चौकातल्या वाऱ्याच्या निदानाची मुळं इतकी खोल आहेत. ज्याचा डोळा मिटतच नाही आणि ज्याचा आजार तीन वर्षं जुना झाला, तो बरा होत नाही, असं सुश्रुतसंहिता सांगते. निरीक्षण म्हणून ते आजही पटतं. पूर्ण लकवा अर्धवट लकव्यापेक्षा कमी बरा होतो. कानामागे खाली विधुर नावाचं मर्म आहे आणि तिथे मार बसला तर बहिरेपण येतं, हेही त्यात आहे. चेहऱ्याची नस तिथूनच बाहेर पडते. मात्र चरकाच्या अर्दितात नुसता अर्धा चेहरा गेलेला रुग्ण येतो आणि अर्धं अंग गेलेलाही येतो, तर सुश्रुतानं ते चेहऱ्यापुरतं ठेवलं. हा मतभेद पुढे कुणी शवविच्छेदनाच्या टेबलावर नेऊन तडीस लावला असता, तर कपाळाचं कोडं इथेच सुटलं असतं. तसं झालं नाही.

याच मुलखात चेहऱ्याची कारागिरी किती पुढे गेली होती याचा पुरावा पुण्यात आहे. कावसजी नावाचा गाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर टिपूविरुद्धच्या 1792 च्या युद्धात होता. तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा हिंडला. मग पुण्याजवळच्या एका वीटकऱ्यानं त्याला नवं नाक बसवलं. आधी नाकाच्या थोटकावर मेणाचा नमुना बसवला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, कडेनं रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवली. दोन भुवयांमधला चिंचोळा पट्टा मात्र तसाच ठेवला, कारण त्यातून नव्या नाकाला रक्त मिळणार होतं. कातडी वळवून खाली आणली, खाचेत बसवली, काताचा लेप लावला, काही दिवसांनी तुपात भिजवलेल्या पट्ट्या ठेवल्या. सुमारे 25 व्या दिवशी तो पट्टा कापून टाकला. मुंबई इलाख्याच्या इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं, जेम्स वेल्स या चित्रकारानं कावसजीचं चित्र काढलं आणि ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये सगळी हकिगत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जननं 1814 मध्ये लंडनमध्ये हीच शस्त्रक्रिया केली आणि 1816 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आज जगभर ही पद्धत भारतीय म्हणून शिकवली जाते. त्या वीटकऱ्याचं नाव मात्र त्या हकिगतीत नाही.

वीटकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. जे हातात होतं ते त्यानं रुग्णाला दिलं. पण ती विद्या घराण्यात राहिली, आणि पेशव्यांच्या राजधानीत ती लिहून ठेवावी, चार जणांना शिकवावी असं वाटणारी संस्था नव्हती. पेशवाई 1818 मध्ये संपली. तीनच वर्षांनी, 1821 मध्ये, चार्ल्स बेल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चेहऱ्याच्या नसांवरचा निबंध वाचला. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं 1845 मध्ये, आणि मग इथले विद्यार्थी तीच नस इंग्रजी पुस्तकांतून शिकू लागले. चेहऱ्याचं ज्ञान मराठी मुलखात असं फिरून परत आलं आणि कॉलेजच्या भिंतींच्या आत थांबलं.

येवल्यात जन्मलेल्या ललिता पवार यांचा चेहरा सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला आहे. 1942 च्या सुमारास एका चित्रीकरणात मास्टर भगवान यांची थप्पड जोरात बसली. डाव्या डोळ्याला इजा झाली, चेहऱ्याच्या त्या बाजूला लकवा झाला. उपचारांत सुमारे तीन वर्षं गेली आणि डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेची कामं संपली. पुढे 'श्री 420', 'अनाडी' आणि दूरदर्शनवरच्या 'रामायण' मालिकेतल्या मंथरेपर्यंत त्यांनी जे उभं केलं, ते अर्ध्या चेहऱ्यानं हटून बसलेल्या बाईचं काम होतं. प्रेक्षकांनी तो डोळा खाष्ट सासूचा मानला. तो दुखापतीचा डोळा होता, आणि ती दुखापत सोसून त्यांनी चाळीसहून अधिक वर्षं कॅमेऱ्याला तोंड दिलं, ही गोष्ट मला त्यांच्या कुठल्याही भूमिकेपेक्षा मोठी वाटते.

कॅमेऱ्यापासून फार दूर, हीच नस कुष्ठरोगानं हजारो जणांची नेली. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचे थंड भाग मानवतात, आणि डोळ्याकडे जाणारी फांदी गालाच्या हाडावरून कातडीच्या अगदी जवळून जाते. ती गेली की पापणी मिटत नाही, बुब्बुळ सुकतं, त्यावर जखम होते, आणि आधीच वाळीत पडलेला माणूस आंधळा होतो. इंग्लंडमध्ये हॅरल्ड गिलीज यांच्याकडे शिकून आलेल्या डॉ. नोशीर अंटिया यांनी मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला आणि ज्यांना लोक शिवत नव्हते त्यांचे चेहरे हाती घेतले. त्यांतली एक शस्त्रक्रिया पाहण्यासारखी आहे. कानशिलावरचा चावण्याचा स्नायू पाचव्या नसेचा, म्हणजे या नुकसानीतून वाचलेला. त्याची एक पट्टी वळवून पापण्यांपर्यंत नेतात. त्यानंतर रुग्ण दात आवळतो आणि त्याचा डोळा मिटतो. कुठला स्नायू कुठल्या नसेवर चालतो, एवढ्या माहितीवर माणसाची दृष्टी वाचते.

बेलच्या लकव्याच्या सुमारे 70 टक्के रुग्णांचा चेहरा काही उपचार न करताही पूर्ववत होतो. झाडपाल्याला आणि दोऱ्याला यश येतं ते यामुळे. ज्याच्याकडे दहा गेले त्यांतले सात बरे होऊन गावभर नाव काढतात. उरलेल्या तिघांचं तोंड तसंच राहतं आणि ते घराबाहेर पडणं कमी करतात. त्यांच्यासाठी औषध आहे. स्कॉटलंडमध्ये झालेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 72 तासांच्या आत प्रेडनिसोलोन सुरू केलेल्यांपैकी 94 टक्के रुग्ण नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. ज्यांना ते दिलं नाही त्यांच्यात हे प्रमाण 82 टक्के होतं. हे औषध महाग नाही. मधुमेह असेल तर ते जपून द्यावं लागतं, म्हणून डॉक्टरच हवा, आणि तो पहिल्या तीन दिवसांत हवा. पाल्याच्या आठवड्यात ते तीन दिवस निघून जातात.

मेंदूच्या झटक्यात तर हिशेब तासांचा आहे. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सी.टी. स्कॅन झाल्यावर. टेंभुर्णीहून सोलापूर 85 ते 90 किलोमीटर, महामार्गानं दीड तास. चारला उठलेल्या ऊसतोड कामगाराचं तोंड पाच वाजता वाकडं झालं, तर साडेनऊपर्यंत मुदत आहे. त्यात फडातून रस्त्यावर येणं, मुकादमाला विचारणं, गाडी मिळवणं हे सगळं आलं. मध्ये एक तास जरी तेल चोळण्यात गेला तरी मुदत हुकू शकते. अशा वेळी गाडी 108 ची असो की शेजाऱ्याची, तिनं स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयाकडेच निघायला हवं, आणि परिसरात ते कुठे आहे हे ग्रामपंचायतीनं आधीच लिहून ठेवायला हवं.

एवढं ज्ञान एका फलकावर मावतं. तोंड वाकडं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. कपाळाला दोन्हीकडे आठ्या पडत असतील, किंवा हातपाय अथवा बोलणं बिघडलं असेल, तर त्याच क्षणी 108, आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून घ्यायचं. डोळा मिटत नसेल तर तो चोळायचा नाही, धुळीपासून जपायचा, आणि डॉक्टर सांगतील ते थेंब घालून रात्री पापणी मिटवून चिकटपट्टी लावायची. हा फलक टेंभुर्णीच्या एसटी स्टँडवर हवा, एम.आय.डी.सी.त हवा, साखर कारखान्यांच्या गेटवर आणि ऊसतोड्यांच्या कोप्यांपाशी हवा, आणि आशाताईंच्या पिशवीत त्याची प्रत हवी. शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना तो आरशासमोर करून दाखवता येईल. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत हे फलक लागले पाहिजेत.