जिवाचे मोल देशागणिक वेगळे?

इंद्रायणीकाठचे निघोजे हे खेड तालुक्यातील गाव. आळंदी आणि देहू ही दोन्ही तीर्थक्षेत्रे येथून हाकेच्या अंतरावर. दोन-अडीच दशकांपूर्वी या शिवाराची ओळख शेतीची होती. आज ती मोटारींची आहे. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीच्या कारखान्याचे उद्घाटन येथे ३१ मार्च २००९ रोजी झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘पोलो’ मोटारीचे उत्पादन सुरू झाले. महिंद्रचा विस्तीर्ण कारखानाही याच गावाच्या हद्दीत उभा राहिला. आपल्या तरुणांच्या हातांनी जगाला मोटारी पुरवाव्यात, याचा अभिमान कोणाला वाटणार नाही?

पण या अभिमानाला २०१४ च्या जानेवारीत तडा गेला. ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय मोटारी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून पाहिल्या. आल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो आणि पोलो. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत पाचही मोटारींना शून्य तारे मिळाले. ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे सुमारे सोळा मीटर उंचीवरून, अर्थात पाचव्या मजल्यावरून खाली पडणे. पट्टा न बांधता मांडीवर मूल घेऊन पुढे बसणाऱ्या आईने ही तुलना एकदा मनाशी करून पाहावी.

यातील पोलोचे प्रकरण सर्वाधिक बोलके आहे. तिचा सांगाडा या धडकेत टिकून राहिला होता. उणीव होती ती एअरबॅगची. कंपनीने दोन एअरबॅग असलेली हीच मोटार चाचणीस दिली, तेव्हा तिला चार तारे मिळाले! त्यानंतर एअरबॅग नसलेली पोलो कंपनीने विक्रीतून काढून घेतली. म्हणजे ज्ञान होते, साधन होते, कारखाना होता आणि कुशल कामगारही होते. याच नावाच्या मोटारीने २००९ मध्ये युरोपात पाच तारे मिळवले होते. मग भारतीय ग्राहकाला उघड्या छातीने रस्त्यावर पाठवण्याचा निर्णय कोणत्या हिशेबाने झाला? भारतीय कायदा तेव्हा एअरबॅग मागत नव्हता, हेच त्याचे उत्तर. कायदा मागत नाही तोवर माणूस वाचवायचा नाही, ही व्यापारनीती युरोपात चालत नाही; येथे ती बिनबोभाट चालली.

दोष केवळ परकीयांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. त्या पाचांत टाटांची नॅनोही होती. स्वदेशीचा शिक्का लोखंडाला बळकटी देत नाही. मारुतीच्या एस-प्रेसोला २०२० मध्ये शून्य तारे मिळाले, तेव्हा तिच्यात केवळ चालकापुरती एअरबॅग होती. भारतातच तयार होऊन दक्षिण आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या एस-प्रेसोला २०२२ मध्ये तीन तारे मिळाले, कारण तिच्यात दोन होत्या. देश हाच, मोटार हीच. परक्यासाठी दोन एअरबॅग आणि घरच्यांसाठी एक. ‘अतिथी देवो भव’चा असा अर्थ आपल्या पूर्वजांनी खचितच लावला नसता.

या विषयात उद्योगांचा युक्तिवाद ठरलेला असतो. भारतीय ग्राहक किंमत आणि मायलेज पाहतो, सुरक्षा वाढवली तर मोटार महागेल आणि सामान्य माणूस दुचाकीवरच राहील. सहा एअरबॅगच्या सक्तीचा प्रस्ताव २०२२ मध्ये आला, तेव्हा मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांनी लहान मोटारींच्या नावाने हाच मुद्दा मांडला. दुचाकीपेक्षा चारचाकी सुरक्षित, यात तथ्य आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र २०२३ मध्ये सक्तीचा विचार बाजूला पडला आणि २०२५ मध्ये त्याच कंपनीच्या आल्टो के-१० या लहान मोटारीत सहा एअरबॅग सर्व प्रकारांत बसवल्या गेल्या. जे परवडणारे नव्हते, ते तीन वर्षांत परवडू लागले?

युरोपाचे उदाहरण पाहावे. २००५ मध्ये ‘लँडविंड’ ही स्वस्त चिनी मोटार तेथे आयात झाली. जर्मनीतील ‘एडीएसी’ या वाहनधारकांच्या संघटनेने ती आदळवून पाहिली आणि चालक वाचला नसता, असा निष्कर्ष जाहीर केला. त्या मोटारीचा युरोपात जम बसू शकला नाही. हे काम सरकारने केले नव्हते. सभासदांच्या संघटनेने केले होते. आपल्याकडे ग्राहक चळवळीची परंपरा आहे, पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआयसारखी नामवंत संस्था आहे. तरीही आपल्या मोटारींचे वाभाडे काढायला परदेशी संस्था यावी लागली, याची खंत वाटते.

त्यानंतर चित्र पालटले, हे मान्य केले पाहिजे. ऑक्टोबर २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना ताशी ५६ किलोमीटरची समोरून धडकेची चाचणी बंधनकारक झाली. तारांकनाची चाचणी ६४ची असते. आकड्यांत फरक आठचाच दिसतो, पण आघाताची ऊर्जा सुमारे तीस टक्क्यांनी वाढते. पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग सक्तीची झाली. रांजणगावात तयार होणाऱ्या नेक्सॉनने २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवले. तो मान मिळवणारी ती पहिली भारतीय बनावटीची मोटार. २०२१ मध्ये चाकणच्या एक्सयूव्ही ७००ने आणि २०२२ मध्ये चाकणच्याच टायगुन व कुशाकने पाच तारे पटकावले. ज्या मातीत शून्य निघाले, त्याच मातीत पाच निघाले! १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची ‘भारत एनकॅप’ ही चाचणीही सुरू झाली.

पण ती ऐच्छिक ठेवली गेली. जी मोटार नापास होण्याची भीती, ती उत्पादक चाचणीला पाठवीलच कशाला? परीक्षेला बसायचे की नाही हे विद्यार्थ्यानेच ठरवायचे, असा हा प्रकार. प्रत्येक मोटारीची चाचणी सक्तीची हवी आणि तारे शोरूममधील किंमतफलकावर ठळक छापले गेले पाहिजेत. चाचणी झालेली नसेल, तर तेही तेथेच लिहिलेले असावे.

आता आपल्या घरातले. ३ जून २०१४ रोजी गोपीनाथराव मुंडे दिल्लीत मोटारीच्या मागच्या आसनावर होते; मंत्रिपदाची शपथ घेऊन पुरते दहा दिवसही झाले नव्हते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सायरस मिस्त्री यांचे निधन झाले, तेही मागच्या आसनावर. मोटार महागडी होती. मागच्या दोघांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात पट्टा न बांधलेल्या १६,७१५ जणांचा मृत्यू झाला. त्यातील ८,३३१ प्रवासी होते. मागच्यांनीही पट्टा बांधावा, असा नियम असूनही ही स्थिती.

आपले कार्यकर्ते बैठकीसाठी रात्री-अपरात्री एका मोटारीत सहा-सात जण दाटीवाटीने निघतात, याचे कौतुकच अधिक होते. अनेक घरांत तर मागच्या पट्ट्यांची बकले नव्या सीट कव्हरखाली दडपलेली असतात आणि मोटार विकेपर्यंत ती कोणी पाहिलेलीही नसतात. येत्या रविवारी अर्धा तास काढून ती बाहेर काढावीत.