बंद केलेल्या गोळ्याही कार्डावर लिहा

मा. संचालक,
आरोग्य सेवा संचालनालय, पणजी.

महोदय,

म्हातारं माणूस इस्पितळातून घरी आलं की आमच्या कारापुरात घरचे सुटकेचा निःश्वास सोडतात. पण औषधांची खरी जोखीम त्याच दिवशी सुरू होते, आणि तिच्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी कुणाकडेच नसते. म्हणून हे पत्र.

शेजारच्या आजी डिस्चार्ज घेऊन आल्यावर उठताना धडपडू लागल्या, पावलं सुजली. अशक्तपणा असेल, असं सगळे म्हणाले. त्यांचा गोळ्यांचा डबा मी उघडला. रक्तदाबाच्या दोन पट्ट्या, एक अ‍ॅम्लाँग आणि एक स्टॅम्लो. नावं वेगळी, वेष्टनं वेगळी, आत औषध एकच: अ‍ॅम्लोडिपिन. एक नेहमीच्या डॉक्टरांची, दुसरी इस्पितळातली. आजी इमानेइतबारे दोन्ही घेत होत्या. खाली इकोस्प्रिन, म्हणजे अ‍ॅस्पिरिन, आणि तिला खेटून गुडघ्यांसाठी फार्मसीतून नुसतं मागून आणलेलं डायक्लोफेनॅक. ही जोडी म्हाताऱ्या पोटात रक्तस्राव करू शकते. कुठली गोळी थांबवायची हे शेजाऱ्याने ठरवायचं नसतं, म्हणून डबा तसाच डॉक्टरांपुढे नेला.

आजींचं यात काही चुकलं नाही. डिस्चार्ज कार्डावर नव्या गोळ्या होत्या, जुन्यांचं काय करायचं याची एक ओळही नव्हती. जे होतं ते इंग्रजीत. ओडी, बीडी, एचएस या खुणा घरात कुणाला कळणार? डिचोली-पेडण्यातली ही पिढी पोथी आणि वर्तमानपत्र मराठीत वाचते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीबरोबर मराठीलाही सरकारी वापरात जागा दिली आहे. मग ती जिवाशी गाठ असलेल्या कागदावर का नसावी? उदाहरणार्थ, संधिवातावरची मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर रक्तातल्या पेशी घटत जातात आणि माणूस दगावू शकतो. शिवाय वयानुसार मूत्रपिंडं मंदावतात, औषध अंगात साचतं. ग्लिबेनक्लामाइडसारख्या मधुमेहाच्या गोळीने झोपेतच साखर उतरू शकते, आणि मुलं पुण्याला किंवा आखातात असली तर ते सकाळपर्यंत कुणाला कळतही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारा टाळण्याजोगा अपाय कमी करण्याची मोहीम सुरू केली, तेव्हा एका ठिकाणचे उपचार संपून दुसरीकडे सुरू होतात तो टप्पा खास जोखमीचा म्हणून नोंदवला होता. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२१ पासून इस्पितळ रुग्णाच्या बदललेल्या औषधांची माहिती थेट त्याच्या गावच्या फार्मासिस्टला पाठवू शकतं. तो जुनी आणि नवी यादी ताडून पाहतो.

आपलं राज्य लहान आहे. गोमेकॉतून, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातून, निघालेली यादी त्याच दिवशी आमच्या साखळीच्या आरोग्य केंद्रात पोहोचवणं अवघड नाही. कार्डावर ‘बंद केलेली औषधं’ असा ठळक रकाना हवा, औषधाचं मूळ नाव हवं, आणि ‘सकाळी नाश्त्यानंतर’, ‘रात्री झोपताना’ असं मराठी-कोकणीत लिहिलेलं हवं. आठवड्याच्या आत नर्सने घरी येऊन सगळा डबा त्या यादीशी पडताळावा आणि गोंधळ दिसला तर डॉक्टरांना तिथूनच फोन लावावा. दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत खाजगी इस्पितळांची बिलं सरकारी पैशातून भागतात, तेव्हा त्यांनाही हीच अट घालता येईल.

नर्सांवर आधीच कामाचा डोंगर आहे, हे मी जाणतो. म्हणून सुरुवात फक्त पासष्टीपुढच्या आणि पाच किंवा अधिक औषधं घेणाऱ्या रुग्णांपासून करा. रकान्याला तर जादा माणूसही लागत नाही, छापायची सूचना तेवढी निघायला हवी. ती कधी निघेल, हे कळवावं ही विनंती.

आपला,
कारापूरचा एक रहिवासी