भाड्याचं चीवर

थायलंडच्या ईशान्येला, उबोन राचथानीकडच्या एका गावात पहाटे सहाला मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. सत्तरीची एक बाई चपला काढून मातीत गुडघ्यांवर बसली होती. हातात बांबूची झाकणाची टोपली, तिच्यात वाफाळणारा चिकट भात. भिक्खूंची रांग जवळ आली तशी तिने टोपली कपाळाला लावली आणि एकेका पात्रात बोटांनी तोडलेला गोळा घालत गेली. कोणी अवाक्षर बोललं नाही. रांगेतला शेवटचा भिक्खू पुण्याचा. भुवया उतरवून त्याला जेमतेम आठवडा झाला होता. त्याने पात्र पुढे केलं, तिच्याकडे पाहिलंही नाही, आणि पलीकडे मोबाइल धरून उभ्या असलेल्या मित्राला विचारलं, “आला का रे नीट?”

अंगावर चीवर होतं म्हणून वाचला. नाहीतर तिथल्या तिथे कानाखाली जाळ काढला असता.

परदेशी भिक्खू म्हटलं की आपल्याला गोरा माणूस दिसतो. अहो, थायलंडात आपणही परदेशीच! आणि हल्ली आपलीही मंडळी तिथे जाऊन मुंडण करू लागली आहेत. पंधरा दिवस, तीन आठवडे, फार तर महिना. परतल्यावर नावापुढे ‘माजी भिक्खू’ ही पदवी लागते, आणि पुढच्या महिन्यात कंपनीतल्या साहेबलोकांना अनासक्ती शिकवायचा वर्ग सुरू होतो. फी आगाऊ.

गैरसमज नको. थोड्या दिवसांची प्रव्रज्या खोटी नाही. थायलंडात पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने चीवर घेऊन घरी परतणं ही शेतकऱ्याच्या पोराचीही रीत आहे. त्यासाठी सरकारी नोकराला 120 दिवसांपर्यंत भरपगारी रजा मिळते. राजा भूमिबोल 1956च्या ऑक्टोबरात पंधरा दिवस भिक्खू झाला. त्याच महिन्यात नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली होती. चीवर उतरवणंही सोपं आहे: समजणाऱ्या एका माणसापुढे शिक्षा, म्हणजे भिक्खूचे नियम, सोडतो असं सांगितलं की झालं. दार दोन्ही बाजूंनी उघडं आहे, कारण धम्माचा माणसावर विश्वास आहे. या विश्वासाचाच लोकांनी बाजार मांडला, हा माझा राग आहे.

श्रामणेराच्या, म्हणजे शिकाऊ भिक्खूच्या, दहा शिक्षापदांतलं शेवटचं सोन्याचांदीला, म्हणजे पैशाला, हात न लावण्याचं. आणि या झटपट प्रव्रज्येची सुरुवात कशाने? क्रेडिट कार्डाने! शुल्कात विमानतळावरून आणणं, चीवर, पात्र, शेवटी प्रमाणपत्र. वैराग्याचं प्रमाणपत्र! त्यावर सही कोणाची, आणि कशाबद्दल?

उपसंपदेच्या, म्हणजे पूर्ण भिक्खू होण्याच्या, वेळी उमेदवाराला काही प्रश्न विचारतात. तू माणूस आहेस ना, आईवडिलांची परवानगी आहे ना, अंगावर कर्ज नाही ना? कर्जाचा प्रश्न नीट ऐका. विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथात त्याच्या पुढची पायरी आहे. दुःशील माणूस दानाचं खातो ती चोरी. शीलवान असूनही विचार न करता खातो तो ऋणपरिभोग, म्हणजे उधारीवर जेवणं. मग मोबाइलकडे बघत घेतलेला तो भाताचा गोळा कोणत्या खात्यावर लिहायचा?

विसुद्धिमग्गाची देवनागरी आवृत्ती संपादित करणारे धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे. 1902 साली ते सिलोनला गेले, कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे श्रामणेर झाले. परदेशीच होते, पुढे चीवरही उतरवलं. बायको-मुलगी मागे ठेवून गेले, त्याचा जाब त्यांना जरूर विचारावा. पण खाल्लेल्या भाताची परतफेड त्यांनी जन्मभर केली. पाली शिकले, शिकवली, बुद्ध मराठीत आणला. आमच्या पुणेकराला त्रिशरण पाठ नव्हतं. कागदावर रोमन लिपीत लिहून नेलं होतं!

उबोनजवळच वाट पाह नानाचाट आहे. थाई भिक्खू अजान चाह यांनी 1975 साली परदेशी शिष्यांसाठी काढलेला अरण्यविहार. तिथे आधी काही महिने पांढऱ्या कपड्यात झाडलोट करा, मग श्रामणेर व्हा, मग उपसंपदेचं बघू. याला म्हणतात रीत. पण आमच्या माणसाला रजा एकवीसच दिवसांची, म्हणून त्याला झटपट विहार हवा.

आणि ती टोपलीवाली बाई? तिच्या देशात भिक्खूंनी स्त्रियांना दीक्षा देऊ नये असा संघराजांचा 1928चा हुकूम आहे. तिला फार तर पांढरं वस्त्र नेसून ‘मे ची’ होता येईल. तिने जन्मभर ज्यांना जेवू घातलं, त्या रांगेत तिला जागा नाही. तिकीट काढून आलेल्या पुरुषाला आठवड्यात आहे. हे बघूनही ज्याला काही टोचत नाही, त्याला कसली जाग आली?

मी विदर्भातल्या एका विहारात दहा दिवस श्रामणेर होतो. भोजनदानाला गेलो ते घर शेजारच्या काकूंचं निघालं. मला लहानपणापासून ‘बाळ्या’ म्हणणाऱ्या. निंदणीची एक दिवसाची मजुरी बुडवून त्यांनी वरणभात रांधला होता. “भंतेजी” म्हणत त्या वाकल्या तेव्हा घास घशाखाली उतरेना. त्या माझ्या पाया पडत नव्हत्या, चीवराच्या पडत होत्या. ते देणं आजही माझ्या अंगावर आहे.

तेव्हा यापुढे कोणी ‘माजी भिक्खू’ व्यासपीठावर चढला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला उभं राहून एवढंच विचारा: तुम्हाला रोज पहाटे कोणत्या गावाने जेवू घातलं? गावाचं नाव सांगता आलं नाही, तर फी परत मागा.