ग्रुप राइडला जाताय? आधी भांडून घ्या!

माझ्या मोबाइलमध्ये मुक्तिनाथच्या देवळासमोरचा एक फोटो आहे. धुळीने माखलेले पाच जण, हातात हेल्मेट, मागे बर्फाचे डोंगर. इन्स्टावर त्याला मिळाले तेवढे लाइक्स माझ्या दुसऱ्या कुठल्याच फोटोला मिळालेले नाहीत. पण नगरहून आम्ही सहा जण निघालो होतो. सहावा, पाथर्डीचा आमचा मित्र, त्या वेळी खाली जोमसोमच्या लॉजमध्ये दोन ब्लँकेटं घेऊन एकटाच पडला होता.

परवा कॉलेजच्या कँटीनमध्ये शेजारच्या टेबलवर 'दिवाळीनंतर नेपाळ, बाइकवर!' असा प्लॅन चाललेला ऐकला. कुठलं जॅकेट, कुठला कॅमेरा, कोणाची गाडी किती सीसीची, सगळं ठरत होतं. कदाचित ते तुम्हीच असाल. म्हणून हे लिहितेय.

जा, नक्की जा. आपल्या कोपरगावजवळून जाणाऱ्या समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे सुरुवातीपासून जुन्या रस्त्यांनीच जावं लागतं आणि त्यातच मजा आहे. नागपूर, जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर करत सुनौलीची कमान दिसली तेव्हा आम्ही अक्षरशः ओरडलो. पलीकडे बुटवलमध्ये एमएच 16 ची पाटी बघून मागून हाक आली, "काय पाव्हणं, नगरचं का?" विट्याकडचे गलाई व्यवसायातले काका होते. परक्या देशात फुकटचा चहा आणि मराठीत चौकशी! काळीगंडकीच्या पात्रात शाळिग्राम शोधायला आम्ही तासभर वाकून फिरलो. एकही सापडला नाही, पण तो तास मी विसरणार नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या. गाडीचा भन्सार, म्हणजे तिथल्या कस्टमची फी, दिवसांवर असते. एक दिवस जास्तीचा धरा. आरसी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं पत्र जवळ ठेवा. माझी गाडी पप्पांच्या नावावर आणि पत्र घरी टेबलावर. माझ्यामुळे सगळे सीमेवर अडीच तास उन्हात थांबले. कोणी एक शब्द बोललं नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे मी काय केलं ते वाचा.

बेनीच्या पुढे रस्ता म्हणजे दगड, चिखल आणि मधूनच ओढा. पाथर्डीवाल्याची गाडी 125 सीसीची, त्यात तंबू त्याच्याच गाडीवर. तो मागे पडायचा. आम्ही पुढच्या टपरीवर थांबायचो, चहा प्यायचो, फोटो काढायचो. तो पोचला की कोणीतरी म्हणायचं, "आला रे, चला!" आणि आम्ही किक मारायचो. आपण किती वेळा थांबून त्याची वाट पाहतोय, याचं आम्हाला कौतुक वाटत होतं. आमच्या डोक्यात हे आलंच नाही, की दिवसभरात आम्ही सहा-सात वेळा विश्रांती घेतली आणि त्याने एकदाही नाही. सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात जास्त दमतो, ते गाडीमुळे नव्हे, आपल्यामुळे.

जोमसोमला पोचेपर्यंत त्याचं डोकं ठणकत होतं, रात्री उलटी झाली. कळसूबाई 1646 मीटर, मुक्तिनाथ त्याच्या दुपटीहून उंच. उंचीचा त्रास होणाऱ्याला एकटं ठेवू नये आणि त्रास वाढला तर लगेच खाली न्यावं, हे आम्ही निघण्याआधी ग्रुपवर फॉरवर्ड केलं होतं. सकाळी तो म्हणाला, "तुम्ही जाऊन या." हे वाक्य कधीच खरं नसतं. पण "तो म्हणतोय ना, मग जाऊया," असं सगळ्यात आधी मी म्हणाले. जिच्यासाठी सगळे अडीच तास उन्हात उभे होते, तीच.

संध्याकाळी परतलो तर तो बरा होता. नशीब. नगरला आल्यावर आठवड्यात त्याने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला.

हे आमचंच झालं असंही नाही. 1923 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. एक तेहरानहून परतला, दोघांचा प्रवास अमेरिकेत थांबला. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे 1928 मध्ये मुंबईला परत आले, सुमारे 71 हजार किलोमीटर करून. मला त्यांच्या पराक्रमापेक्षा ते तीन निरोप कसे झाले असतील याचीच उत्सुकता जास्त आहे. रील असत्या तरी त्यात ते दिसले नसते.

मग एकट्यानेच जावं का? मुंबईहून एकटा निघालेला योगेश आळेकरी सतराएक देश करत इंग्लंडमध्ये पोचला आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये नॉटिंगहॅमला त्याची गाडीच चोरीला गेली. अशा वेळी शेजारी कोणीतरी आपलं माणूस असावं असं मला वाटतं. म्हणून मी ग्रुपच्याच बाजूची आहे. फक्त ग्रुप म्हणजे काय ते निघण्याआधी ठरवा. सर्व्हिसिंगला जेवढा वेळ देता तेवढा यालाही द्या. एखादा आजारी पडला तर कोण थांबणार? नाव घेऊन ठरवा. गाडी बंद पडली तर खर्च कोणाचा? परत फिरायचं हे एकट्याने म्हटलं तरी सगळे फिरणार का? यावर भांडण होईल, होऊ द्या. ते नगरच्या कट्ट्यावर झालेलं बरं. सगळ्यात हळू गाडी पुढून दुसरी ठेवा, तंबू सगळ्यात मोठ्या गाडीवर लादा आणि शेवटचा आला की त्याचा चहा संपेपर्यंत किकला पाय लावू नका. आधी एकदा भर पावसात माळशेज करून या. तिथे चिडचिड करणारा जोमसोमला नक्की चिडणार. माझ्यासारखा.

हा लेख छापायला देण्याआधी मी पाथर्डीला फोन केला, बऱ्याच महिन्यांनी. लिहू का विचारलं. तो म्हणाला, "लिही. पण तंबू एकदाही उघडला नाही, तेही लिही."