मुलांचा बाजार आणि जगाचा बाजार

आपल्याकडील जिल्हा परिषदेच्या शाळांतून 'बाल आनंद मेळावा' ह्या नांवानें मुलांचा बाजार भरविण्याची चाल आतां चांगलीच रुळली आहे. कोणी घरची मेथी आणतें, कोणी भजीं आणतें, आणि शेवटीं नफ्यातोट्याचा हिशेब गुरुजी मुलांकडूनच करवून घेतात. हा उपक्रम आम्हांस मनापासून आवडतो. परंतु त्यांत एक मोठी उणीव आहे. ह्या बाजारांत मेथीचा भाव मेथी विकणारा मुलगाच ठरवितो. त्याचा बाप जालन्याच्या मोंढ्यावर कापूस नेतो तेव्हां तसें घडतें काय?

कापसाचा भाव समुद्रापलीकडे हलतो, हें कांहीं आजचें नव्हे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि ह्या देशाच्या कापसास सोन्याचें मोल आलें. १८६५ सालीं युद्ध थांबलें, भाव गडगडला व मुंबईच्या पेढ्या आणि कंपन्या धडाधड बुडाल्या. अलीकडचें उदाहरण आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. २०२१ सालापासून परदेशी कापसावर शेंकडा ११ आयातकर होता. अमेरिकेनें आपल्या मालावरची जकात शेंकडा ५० वर नेली त्याच महिन्यांत, १९ ऑगस्ट २०२५ पासून, सरकारनें हा कर उठविला आणि पुढें ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. गिरण्यांस स्वस्त रुई मिळावी हा हेतु. पण आपली वेचणी ऐन भरांत येते ती त्याच दिवसांत! लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर असतांना पुष्कळांनीं त्याहून कमी भावानें माल घातला. घरांतला मुलगा हें सारें पाहतो, आणि 'व्यापारी लबाड' व 'आपलें नशीब' ह्यांपलीकडे त्यास तिसरें कारण सांपडत नाहीं.

तें कारण पुस्तकांतल्या व्याख्येनें समजणार नाहीं. तें खेळवूनच शिकवावें, असें आमचें मत आहे. आठवीच्या वर्गाचे गट पाडावे. एक गट भोकरदन-घनसावंगीकडील शेतकऱ्यांचा, दुसरा अमेरिका व ब्राझील येथील शेतकऱ्यांचा, तिसरा जिनिंगवाल्यांचा, चौथा कोइमतूरच्या सूतगिरणीचा, आणि एका बाकावर सरकार. कापूस म्हणून सरकी, पैसा म्हणून चिंचोके. प्रत्येक फेरीच्या आरंभीं गुरुजींनीं एक चिठ्ठी काढावी : 'ब्राझीलांत पीक उदंड', 'आयातकर उठला', 'डॉलर महागला'. ही शेवटची चिठ्ठी निघतांच मुलें प्रथम हळहळतील; पण परदेशी कापूस गिरणीस महाग पडून आपल्या सरकीस जास्त चिंचोके येतात असें दिसलें कीं हरखतील. हा एक धडा फळ्यावर शिकवूं गेल्यास आठवडा लागावा.

मात्र एक नियम कधींहि गाळूं नये. आपल्या शेतकरी गटानें दुसऱ्या फेरीअखेर कर्जापोटीं दहा चिंचोके सोसायटीस भरलेच पाहिजेत. मग थांबूं शकणारा कोण आणि पडेल भावानें विकणारा कोण, हें मुलांस कोणी सांगावें लागणार नाहीं. ब्रिटनमधील ख्रिश्चन एड ह्या संस्थेचा व्यापाराचा असाच एक खेळ तिकडील शाळांतून खेळतात. त्यांत कोणापाशीं कागदाचा ढीग पण कातर नाहीं, कोणापाशीं कातर-पट्टी सर्व, पण कागद तोकडा. आमच्या खेळांत कातरीच्या जागीं ही थांबण्याची ऐपत आहे, इतकेंच.

पुढच्या दिवशीं गटांची अदलाबदल करावी. कापूसवाल्याचा मुलगा गिरणीच्या बाकावर बसला म्हणजे तोहि स्वस्त रुईच शोधूं लागेल, आणि कापड महाग पडल्यास परदेशचें गिऱ्हाईक बांगलादेशाकडे वळतें हें त्याच्या ध्यानांत येईल. ह्यानें मुलांस सट्ट्याची गोडी लागेल, अशी शंका कोणी काढील. सट्टा करणारा भाव कोठून हलतो ह्याचा शोध घेत नाहीं. तो केवळ पैज लावतो. येथें शोध हाच खेळ आहे. शिक्षकांवर आधींच कामांचा बोजा आहे, हा आक्षेप मात्र खरा. म्हणून हा खेळ मेळाव्याच्याच दिवशीं, भजीं संपल्यावर, घ्यावा.

शाळा व्यवस्थापन समितींत आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण सभासद असतील. त्यांनीं येत्या बैठकींत हा विषय काढावा व गुरुजींस मागील तीन हंगामांच्या आपल्या कापसाच्या हिशेबपट्ट्या नेऊन द्याव्या, म्हणजे खेळांतले भाव खोटे वाटणार नाहींत. उचल कापल्याचा आंकडा कोणास झांकावयाचा असल्यास त्यानें तो खुशाल झांकावा.